मध्यंतरापर्यंतचे सिनेमे

धाकट्याची साठी उलटली, डोक्यावरचे केस एकेक करून निरोप घेऊन गेले, तरी घरात तो धाकटाच. त्याला इलाज नव्हता. वर ताई बसली होती ना! मोठी बहीण असेपर्यंत माणसाला म्हातारं व्हायची परवानगी नसते, आणि ही ताई तर परवानगी मागायला गेलं की "आधी नाक पूस" म्हणणाऱ्यांतली.

खाली रस्त्यालगत त्याचं दुकान होतं. जुन्या सोफ्या-खुर्च्यांचं कापड उसवायचं, आतला दबलेला काथ्या उपसायचा, स्प्रिंगा ओढून बांधायच्या आणि वरून नवं कापड ठोकून द्यायचं, हा त्याचा धंदा. वरच्या मजल्यावर तो आणि बायको, आणि रस्त्याकडच्या खोलीत ताई. ताईने जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून या माणसाला त्या माणसाशी जोडून दिलं. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हा धाकटाच जाऊन तिची ट्रंक उचलून घेऊन आला. ती नको नको म्हणत होती खरी, पण ट्रंक आधीच भरून ठेवलेली होती.

दोघांना वेड एकच, सिनेमाचं. साधंसुधं नाही, बरं का. नटीच्या नुसत्या हुंदक्यावरून सिनेमा ओळखणारी, गाण्याची नुसती सुरुवातीची पेटी वाजली की पुढचं सगळं म्हणून दाखवणारी ही जात. पण गंमत अशी, की दोघांनी मिळून लहानपणी जेवढे सिनेमे पाहिले, त्यातला एकही दोघांपैकी कोणीच पुरता पाहिलेला नव्हता.

आता हे कसं, तर ऐका. रविवारी घरातून एकाच तिकिटाचे पैसे मिळायचे आणि पोरं दोन. आई म्हणायची, वाटून घ्या. बिस्कीट असतं तर मधोमध मोडलं असतं. सिनेमा कसा मोडणार? पण ताईने मोडला. मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला डोअरकीपर परत आत यायला पुठ्ठ्याचा पास द्यायचा. पासावर तोंड थोडंच छापलेलं होतं! मध्यंतरापर्यंत ताई आत आणि धाकटा बाहेर, शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर. मध्यंतराला ताई बाहेर यायची, पास धाकट्याच्या मुठीत कोंबायची, आणि धाकटा आत. बाहेर आलेली पोर दोन वेण्यांची आणि आत चाललेला पोरगा अर्ध्या चड्डीतला, हे डोअरकीपरला दिसत नव्हतं असं नाही. पण तो भला माणूस दर रविवारी नेमका त्याच वेळी छताकडे बघत उभा राहायचा.

आणि मध्यंतराच्या त्या एवढ्याशा वेळात ताई पहिला भाग सांगायची. काय सांगायची, अहाहा! बोटीच्या सिनेमातली नायिका बोटीवर पाऊल ठेवते तर कशी, निळ्या प्रकाशासारखी. चेहरा दिसत नाही, नुसतं तेज. तिच्यामागे एक पांढरा पक्षी, ती जाईल तिथे तो. आणि बोटीवरचा कोळसेवाला, म्हणजे आपला नायक, इतका उंच, इतका उंच, की त्याचं डोकं धुरात गेलेलं. मग चंद्र खाली उतरतो, पार बोटीच्या कठड्यापर्यंत, आणि नायिका किटलीतून सोनं ओतते. "सोनं? खरं सोनं?" धाकटा विचारायचा. "मग काय खोटं? पळ आता, घंटा झाली!"

धाकटा आत पळायचा. आत बघतो तो नायक बेताचाच, नायिका रडतेय, पक्ष्याचा पत्ता नाही. त्याला कधी शंका आली नाही. पहिल्या भागात असतं सगळं, मध्यंतरानंतर वाईट दिवस येतात, एवढं साधं गणित होतं त्याचं. नायक उंचीनेही कमी होत असेल. दुःखाने माणूस खंगतोच की.

त्याच पायरीवर दोघांचे स्वभाव घडले म्हणायला हरकत नाही. धाकट्याने लहानपणभर फक्त दुसरे भाग पाहिले: कोर्ट, हॉस्पिटल, ताटातूट. त्यामुळे कुणाच्या लग्नाला गेला तरी हा मनातल्या मनात यांचं पुढे कसं बिनसणार याचा हिशेब करत जेवायचा. नवा सोफा दुकानातून गेला की याला तो फाटलेला दिसायचा. आणि ताई? ताईच्या डोळ्यांसमोर माणसं नुकतीच भेटलेली असायची, गाणी सुरू व्हायची असायची. बायको म्हणायची, "तुम्ही दोघं मिळून एक शहाणा माणूस होता. एकेकटे काही खरे नाही."

तर अशा या ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

तसा काय, ज्याला त्याला होतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, ऑपरेशन साधं होतं, सकाळी जायचं आणि जेवायला घरी यायचं. पण ताई म्हणे, नको. का नको? नको म्हणजे नको. "मला दिसतंय तेवढं पुरे." दूध उतू गेलं, पुरे. शेजारणीला भलत्याच नावाने हाक मारली, पुरे. एकदा तर कोटाच्या खुंटीशी गप्पा मारत उभी होती, पाहुणा समजून. बायको हसून लोटपोट, आणि ताईही हसली, "बोलत नव्हता तेव्हाच मला वाटलं, चांगल्या घरचा दिसतोय!"

मग ती जिन्यावरून घसरली. शेवटची पायरी संपली असं वाटून तिने पाऊल टाकलं आणि पायरी अजून होती. कठडा हाताशी लागला म्हणून गुडघ्यावर निभावलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघा सोडून डोळेच तपासले आणि धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, "फार पिकलाय. आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल. मग धूसर नाही, काळोख. तो परत आणता येत नाही."

काळोख! त्या दिवसापासून त्याचं हातोडीवर लक्ष लागेना. वर काही खुट्ट झालं की हा तोंडात खिळे धरून जिन्याकडे धावायचा. समजावून झालं, रागावून झालं, ताईच्या मुलीला फोन करून तिला रडायला लावून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

"वन्सं, घाबरता का?" बायकोने एकदा सरळच विचारलं.

"घाबरतेय माझी चप्पल," ताई म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

शेवटी धाकट्याला युक्ती सुचली. मुलाला औषध घ्यायला लावायचं तर समोर खाऊ धरायचा. ताईला खाऊ म्हणजे सिनेमा, आणि सिनेमांत सिनेमा म्हणजे तो बोटीचा. जुने सिनेमे हल्ली फोनवर सापडतात, कोण भला माणूस चढवून ठेवतो देव जाणे. दोन दिवस शोधून धाकट्याने तो मिळवला. बेत असा होता, की आधी आपण पहिला भाग बघून घ्यायचा, मग ताईला जाऊन म्हणायचं, सापडलाय बघ, डोळे करून घे आणि चांगला ढळढळीत बघ.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. अर्धं कापड चढवलेल्या एका सोफ्यावर तो बसला, चष्मा लावला, फोन डब्याला टेकवून ठेवला. पन्नासेक वर्षं ज्या दाराबाहेर पायरीवर बसून होता, त्या दारातून आज तो वेळेवर आत चालला होता.

बोट आली. नायिका आली. निळे कपडे होते, पण चेहरा स्वच्छ दिसत होता, चारचौघींसारखा. पक्षी कुठाय? थांबा, येईल. नाही आला. नायक आला तो दुसऱ्या भागात होता तेवढाच, तसूभर उंच नाही. चंद्र उतरला नाही. किटलीतून चहा आला. नुसता चहा! धाकट्याने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. चहाच.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थापा! सगळ्या थापा! झोपा काढत होती की काय ही आत? मी उन्हात पायरीवर, आणि ही पंख्याखाली डुलक्या घेऊन, बाहेर येऊन मला पक्षी नि चंद्र विकत होती? आणि मी आपला, भोळा सांब, आयुष्यभर दुसऱ्या भागात पक्षी शोधत बसलो! रागाने त्याला घाम फुटला, काच धुरकटली, म्हणून त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला. नजर सहज फोनवर गेली.

पक्षी होता.

नायिकेच्या मागे, तिच्या खांद्याच्या उंचीवर, पांढरा पक्षी तरंगत चालला होता. धाकट्याने चष्मा लावला. मागून एक वेटर चालला होता, खांद्यावर पांढरा नॅपकिन टाकून. चष्मा काढला, पक्षी. मग तो चष्मा हातात घेऊन तसाच बघत राहिला. नायक बोटीच्या काळ्या धुराड्यापुढे उभा राहिला आणि धुराड्यासकट उंच झाला, डोकं धुरात. कठड्याला टांगलेली गोल पांढरी ट्यूब होती, बुडणाऱ्याला फेकतात ती. तिचा चंद्र झाला. दिव्याच्या उजेडात किटलीतून पिवळी धार पडली. सोनं. खरं सोनं.

धाकट्याने फोन थांबवला. ताईला चष्मा लागला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शाळेत डोळे तपासायला माणसं आली आणि घरी निरोप आला, की पोरीला फळ्यावरचं काहीच दिसत नाही, आजवर शेजारणीच्या वहीतून उतरवून काढत होती. जाड काचांचा चष्मा आला. पण त्याआधीची एवढी वर्षं, एवढे रविवार? पहिल्या रांगेत बसूनही तिला पडद्यावर रंगांचे ढगच दिसत होते. आणि तिला वाटत होतं, सिनेमा असाच असतो. सगळ्यांना असंच दिसतं.

राग कुठल्या कुठे गेला. भडभडून आलं त्याला. कापडाचा तुकडा डोळ्यांना लावून तो थोडा वेळ तिथेच बसला, मग दुकानाचं दार लोटून वर गेला.

ताई खिडकीत होती. तो शेजारी स्टुलावर बसला.

"बोटीचा सिनेमा सापडला," तो म्हणाला. "पहिला भाग पाहिला मी."

ताईने तोंड खिडकीकडेच ठेवलं. मग म्हणाली, "पक्षी नव्हता ना?"

"तुला माहीत होतं?"

"नंतर कळलं. चष्मा लागल्यावर. तेव्हा पहिला सिनेमा बघायला गेले, आठवतं? मध्यंतराच्या आधीच बाहेर आले."

"डोकं दुखतंय म्हणालीस."

"डोकं कसलं दुखतंय! रडायला आलं होतं मला. नायकाच्या कपाळावर केसांचा टोप चिकटवल्याची रेघ दिसत होती. मागचा डोंगर कापडावर रंगवलेला. आणि आकाश होतं ना, त्याला सुरकुत्या होत्या, धाकट्या. आकाशाला इस्त्री नव्हती रे! मी म्हटलं, हे बघायला येतात लोक? एवढंच असतं?" ती हसली. "तुला सांगितलं नाही. तू एवढा जीव टाकून ऐकायचास. तुझा पक्षी कसा मारू मी?"

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आता बघ," ताई खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "तो समोरचा धोबी कपडे वाळत घालतोय, मला माहीत आहे. पण मला तिथे जहाजं दिसतात, शिडांची. दुपारी उन्हं तिरपी झाली की समोरची भिंत वाहायला लागते. इतक्या वर्षांनी माझे सिनेमे परत आलेत, तेही घरबसल्या. आणि तू म्हणतोस, जा आणि काढून टाकून ये."

तिचं खोटं आहे असं कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याने आताच पक्षी पाहिला होता. पण डॉक्टरीणबाईंचा तो शब्दही छातीवर बसलेला होता.

"ताई, धूसर राहणार नाहीये ते," तो म्हणाला. "काळं होणार आहे. जहाजं नाहीत, भिंत नाही, काही नाही. आणि तू जिन्यावरून पडलीस तर मी काय करू? मला भीती वाटते. रोज वाटते. खाली बसून माझे कान वरच असतात." त्याने जोरात नाक ओढलं. "शेवटाचं सगळं मीच बघायचं का गं नेहमी? मला नाही बघायचा हा शेवट."

ताईने त्याच्याकडे तोंड वळवलं. तिला तो दिसत होता तो केवढा, कसा, कोणास ठाऊक.

"रडतोस की काय?"

"सर्दी झालीय."

"आधी नाक पूस."

त्याने पुसलं. मग एकदम म्हणाला, "एकच कर. एकच डोळा. जिना उतरायला, दूध बघायला एक पुरतो. दुसरा राहू दे तुझ्या सिनेमांना, डॉक्टरीणबाई थांबू देतील तोवर. त्यांच्याशी मी भांडतो."

ताई बराच वेळ विचार करत होती. दुकानात घासाघीस करणाऱ्या बायका करतात तसं तोंड करून.

"डावा," ती शेवटी म्हणाली. "उजव्याला सिनेमातलं जास्त कळतं."

डावा डोळा झाला. साधाच प्रकार, जेवायला घरी आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उजव्याला कधी येताय, तर ताई म्हणाली, "तो राखीव आहे." डॉक्टरीणबाईंनी धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने छताकडे. पट्टी निघाली, थेंब घालणं सुरू झालं, ताई घरात फिरून बायकोला कोपऱ्यातली जळमटं दाखवू लागली, आणि बायको म्हणाली, "अहो, आधीचंच बरं होतं की!" पण जिना ताई आता धडधड उतरायची, आणि धाकट्याच्या तोंडातले खिळे तोंडातच राहायचे.

एका रविवारी दुपारी त्याने ताईच्या खोलीतला टीव्ही फोनला जोडला, पडदे ओढले आणि बोटीचा सिनेमा लावला. बायको मागे पलंगावर बसली. ताईने खुर्ची पुढे ओढली, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला, आणि उजव्याने बघत सांगायला लागली. तोच आवाज. धाकट्याने डोळेच मिटून घेतले.

"आली बघ. निळी. नुसती निळी, पाण्यावर सांडल्यासारखी. पक्षी आहे मागे... आहे, आहे, आज जरा जाडा झालाय. आणि हा आला, अगंबाई, केवढा उंच! दारातून कसा जातो हा? चंद्र उतरला. आता बसलेत सगळे. ती किटली घेते हातात. आता बघ हं, आता सोनं..."

आणि ताई थांबली.

धाकटा वाट बघत राहिला. सिनेमातले लोक बोलत होते, ताईचा आवाज नव्हता. त्याने डोळे उघडले. ताईचा तळहात कधीच खाली आला होता, मांडीवर पडला होता. ती दोन्ही डोळ्यांनी, म्हणजे त्या एका नव्या डोळ्याने, पडद्याकडे बघत होती.

पडद्यावर नायिका चहा ओतत होती. एका श्रीमंत म्हाताऱ्या बाईंसाठी, वाकून. कपबशीत थोडा सांडला. तिने चटकन वर पाहिलं, सिनेमातल्या बाईंकडे नाही, कॅमेऱ्याच्या बाजूला कोणाकडे तरी. चुकलं का, असं. मग सावरून हसली.

"हात थरथरतोय तिचा," ताई म्हणाली.

धाकट्याने बघितलं. खरंच थरथरत होता. त्याला दुकानात दिसला नव्हता, तो चहाच बघत बसला होता.

"पोर आहे रे ही. सतरा-अठराची असेल. मला केवढी मोठी वाटायची! राणीच वाटायची." ताई पुढे वाकली. "घाबरलीय बघ. मनगटं बघ कशी काडीसारखी. जेवली तरी असेल का सकाळपासून? आणि बघ ना, कोणी बघत नाहीये तिच्याकडे, सगळे आपापलं बोलतायत. आम्हीसुद्धा नाही पाहिलं. थेटरभर लोक, आणि कोणी पाहिलं नाही तिला."

मागच्या आकाशाला सुरकुत्या होत्या. ताईला त्या दिसत असणारच, पण ती त्याबद्दल काही बोलली नाही. नायिका बोलली की ताईचे ओठ हलत होते, "हळू, हळू, घाई नको करू" असं काहीतरी. बायकोने मागून धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग पडद्यावर मध्यंतराची पाटी आली. धाकटा उठला, टीव्हीपाशी गेला.

"पुढचं लावू?"

"नको," ताई म्हणाली. तिने उजवा डोळा पुसला, मग डावा, जपून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा. "त्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव. उजव्याला कधी बोलावतात विचार. पुढे तिचं काय होतं ते मला दोन्ही डोळ्यांनी बघायचंय."